ए-लेव्हलचा निबंध: अभ्यास भरपूर, तरी गुण का नाहीत?

इंग्लंडमधल्या स्लाऊ इथे राहणाऱ्या एका आईने विचारले आहे. मुलगी सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे इयर १२ मध्ये आहे; ए-लेव्हल या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे हे पहिले वर्ष. विषय इतिहास, इंग्रजी साहित्य आणि राजकारण. जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेला, इतिहासात तिला ९ ही सर्वांत वरची श्रेणी मिळाली होती. आता निबंध सी किंवा डी घेऊन परत येतात आणि समासात शिक्षकांचे तेच ते शेरे असतात: ‘नॅरेटिव्ह’, ‘सो व्हॉट?’, ‘आन्सर द क्वेश्चन’. मुलगी रात्री उशिरापर्यंत बसून नोट्स काढते, धडे पाठ करते, तरी फरक पडत नाही. आई-वडील दोघेही इंजिनिअर, शिक्षण महाराष्ट्रात झालेले. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या आहेत: चुकते कुठे, शिकवणी लावावी का, आणि विषय बदलावा का.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षे ए-लेव्हलचा इतिहास शिकवते आणि उन्हाळ्यात परीक्षा मंडळाचे पेपरही तपासते. तुम्ही लिहिले आहे त्यावरून मुलीच्या कष्टांत काही कमी दिसत नाही. ती माहिती गोळा करते आहे, आणि परीक्षक तिच्याकडे मत मागतो आहे. अडचण एवढीच आहे, पण ती लवकर ओळखली नाही तर दोन वर्षे तशीच चालू राहते. निबंधात उत्तर आधी ठरलेले असावे लागते आणि माहिती त्या उत्तराच्या कामाला लावावी लागते. तिचा क्रम उलटा आहे. ती सगळी माहिती लिहून काढते आणि शेवटच्या तीन ओळींत उत्तर शोधते.

हे तुमच्या पिढीला चटकन पटत नाही, कारण आपण शिकलो ते निराळ्या पद्धतीने. ‘कारणे लिहा’, ‘परिणाम सांगा’, ‘टिपा लिहा’ असे प्रश्न असायचे. पुस्तकात सहा मुद्दे, तुम्ही सहाही लिहिले तर गुण पूर्ण. त्या परीक्षेला तीच तयारी योग्य होती. जीसीएसईतही पुष्कळ गुण नेमकी आठवण आणि ठरलेला साचा यांवर मिळतात, म्हणून तिला ९ मिळाली आणि ती तिने कमावलेलीच आहे. ए-लेव्हलला मात्र ‘हाऊ फार’, ‘टू व्हॉट एक्स्टेंट’, ‘असेस द व्हॅलिडिटी’ असे प्रश्न येतात. इथे सहा कारणे सांगून काही सिद्ध होत नाही. सहांपैकी कोणते जड, कोणते हलके, आणि कशावरून, हे सांगावे लागते.

तिच्या शाळेने इतिहासाचा कोणता घटक घेतला आहे ते तुम्ही कळवलेले नाही. म्हणून उदाहरण एडेक्सेल मंडळाच्या ‘भारत, सुमारे १९१४ ते १९४८’ या पर्यायातून घेते. हा काळ तुमच्याही ओळखीचा आहे, त्यामुळे मी काय म्हणते ते तुम्हाला स्वतः ताडून पाहता येईल. समजा प्रश्न असा आहे: ब्रिटनने १९४७ मध्ये भारत सोडला, त्याला दुसरे महायुद्ध कितपत कारणीभूत होते?

बहुतेक मुले लगेच लिहायला लागतात. पहिल्या परिच्छेदात महायुद्ध, दुसऱ्यात गांधीजी, तिसऱ्यात मुस्लीम लीग, चौथ्यात ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींचे लेबर सरकार, आणि शेवटी ‘अशा प्रकारे महायुद्ध महत्त्वाचे होते, पण इतर घटकही महत्त्वाचे होते’. हा निबंध चुकीचा नाही, पण त्यात काही म्हटलेलेही नाही. हेच वाक्य कोणत्याही प्रश्नाखाली चिकटवता येईल.

आता पेन खाली ठेवून प्रश्न पुन्हा वाचू. त्यात खरे तर दोन प्रश्न आहेत. ब्रिटनने भारत का सोडला हा एक, आणि १९४७ मध्येच का सोडला हा दुसरा. हे दोन वेगळे केले की विचाराला वाट सापडते. स्वराज्याची मागणी महायुद्धाने निर्माण केलेली नाही. टिळकांची होमरूल लीग १९१६ची, असहकार १९२०चा, दांडीयात्रा १९३०ची. १९३५च्या कायद्यानंतर १९३७ मध्ये निवडणुका झाल्या आणि ११पैकी ७ प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. म्हणजे ‘का’ याचे बरेचसे उत्तर १९३९च्या आधीच मिळते. पण ‘तेव्हाच का’ याचे उत्तर महायुद्धाशिवाय देता येत नाही. युद्ध संपले तेव्हा ब्रिटन भारताचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होता. युद्धकाळात ब्रिटनमधून आयसीएसमध्ये, म्हणजे भारताचा कारभार चालवणाऱ्या सनदी सेवेत, येणाऱ्या तरुणांची भरती जवळजवळ आटली होती. आणि सैन्यावर विसंबून राज्य करता येईल ही खात्री डळमळली होती. मग उत्तर असे उभे राहते: महायुद्धाने मागणी निर्माण केली नाही, ती नाकारण्याची ब्रिटनची ताकद मात्र संपवली.

हे एक वाक्य हाती आले की निबंध निम्मा झाला. कोणता परिच्छेद कुठे येणार, कशाला दोन ओळी पुरतील, काय सोडून द्यायचे, हे सगळे त्यातून ठरत जाते. मी वर्गात मुलांना पहिली सहा-सात मिनिटे लिहूच देत नाही. एडेक्सेलच्या या पेपरला दीड तासात दोन उत्तरे लिहायची असतात, म्हणजे एकेका उत्तराला पाऊण तास. त्यातली सहा मिनिटे विचारात घालवायची म्हटले की मुलांच्या पोटात गोळा येतो. शेजारचा लिहीत असतो, पाने भरत असतो. पण पेपर तपासताना मला दिसते ते असे की सहा मिनिटे विचार करून लिहिलेली तीन पाने बेधडक लिहिलेल्या सहा पानांच्या पुढे जातात.

आता परिच्छेदाकडे. ‘नॅरेटिव्ह’ हा शेरा नक्की कशाला मिळतो ते पाहा. नौदलाच्या उठावावर एखादी मुलगी असे लिहिते:

‘फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या “तलवार” या तळावर खलाशांनी वाईट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप केला. तो कराचीपर्यंत पसरला. मुंबईत कामगार रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला. सरदार पटेलांनी खलाशांना शरण जायला सांगितले. यावरून दिसते की महायुद्धानंतर परिस्थिती गंभीर झाली होती.’

तपशील सगळे बरोबर, भाषाही स्वच्छ. पण परिच्छेद घटनेपासून सुरू होतो, घटनेबरोबर चालतो आणि शेवटच्या वाक्यात प्रश्नाची आठवण होते. हीच मुलगी आधी उत्तर ठरवून बसली, तर साधारण असे लिहील:

‘महायुद्धाचा सर्वांत खोल परिणाम तिजोरीवर नव्हे, तर सैन्याच्या भरवशावर झाला. १९४२चे आंदोलन सरकार दडपू शकले, कारण तेव्हा सैन्य आणि पोलीस त्याच्या बाजूने ठाम होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला तेव्हा देशभर उसळलेली सहानुभूती आणि पाठोपाठ फेब्रुवारी १९४६चा नौदलाचा उठाव, यांमुळे पुढच्या आंदोलनात तसेच होईल याची खात्री उरली नाही. तरीही उठाव काही दिवसांतच थांबला, तोही काँग्रेस आणि लीगच्या नेत्यांच्या सांगण्यावरून. म्हणजे सैन्याची धास्ती हे एकटे कारण पुरेसे नव्हते. सत्ता ज्यांच्या हाती सोपवता येईल असे पक्ष समोर उभे होते म्हणून ती सोडणे शक्य झाले, आणि त्यांतली काँग्रेस राज्य चालवायला शिकली होती ती महायुद्धाच्या आधी, १९३७च्या मंत्रिमंडळांत.’

दोन्हींत नौदलाचा उठाव आहे. दुसऱ्यात खलाशांच्या जेवणाचा उल्लेख नाही, कारण या युक्तिवादाला त्याचा उपयोग नाही. पहिलेच वाक्य दावा करते. मधले तपशील त्या दाव्याचे ओझे वाहतात. ‘तरीही’पासून ती स्वतःच्या दाव्यावर स्वतःच शंका घेते, आणि त्या शंकेतून युक्तिवाद आणखी नेमका होतो. वरच्या श्रेणीचे गुण या वळणाला मिळतात. मुलांना वाटते की विरुद्ध बाजूचा एक वेगळा परिच्छेद शेवटी जोडला की निबंध संतुलित झाला. तसे जोडलेले संतुलन परीक्षकाला लगेच ओळखू येते.

जीसीएसईत शिकवलेला साचा, म्हणजे आधी मुद्दा, मग पुरावा, मग स्पष्टीकरण, तिने हळूहळू सोडावा. सुरुवातीला तो आधार देतो हे खरे, पण प्रत्येक परिच्छेद त्याच मापाचा झाला की विचारही त्याच मापाचे होतात. एखादा परिच्छेद लांब असू दे, एखादा चार ओळींचा. तपासायची युक्ती सोपी आहे: प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य मोठ्याने वाचायचे. ती चार-पाच वाक्ये ओळीने वाचून उत्तर समजले, तर निबंध उभा आहे. ती नुसती विषयांची यादी वाटली, तर पुन्हा विचार करायला हवा.

आपल्या घरांतल्या मुलांबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. भारताचा इतिहास अभ्यासाला आला की ही मुले एकाच वेळी पुढेही असतात आणि मागेही. पुढे अशी, की नावे, गावे, माणसे त्यांना ऐकून माहीत असतात. गवालिया टँक म्हटले की डोळ्यांपुढे मुंबई येते, येरवडा म्हटले की पुणे. मागे अशी, की कथा त्यांना शेवटापासून ठाऊक असते. सगळे काही १५ ऑगस्टकडेच चालले होते, अशा सुरात ती लिहितात. १९३० मध्ये कुणालाच १९४७ माहीत नव्हते, हे त्यांना मुद्दाम आठवून द्यावे लागते. त्यातच व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर निबंधात येऊन बसतो. ब्रिटिश गेले ते मुख्यतः नेताजींच्या आझाद हिंद सेनेमुळे, गांधीजींचा प्रभाव नगण्य होता, अशा अर्थाचे ॲटलींच्या तोंडचे एक वाक्य तुम्हीही पाहिले असेल. ते एका खासगी संभाषणाच्या, पुष्कळ नंतर सांगितलेल्या आठवणीवर उभे आहे. तुमच्या मुलीने ते टाळावे असे मी म्हणणार नाही. ते कुणी सांगितले, किती वर्षांनी, कशासाठी, हे प्रश्न तिने त्याला विचारावेत. पेपरातला ऐतिहासिक साधनांवरचा, म्हणजे त्या काळातल्या लिखाणावरचा, प्रश्न हेच कौशल्य तपासतो, आणि घरच्या ओळखीच्या मजकुरावर त्याचा सराव उत्तम होतो. ज्या गोष्टीवर आपले प्रेम आहे तिलाही पुरावा मागणे तिला जमले, तर तिचा इतिहास पक्का झाला.

आता नोट्सबद्दल, कारण तिचा सगळा वेळ तिथे जातो आहे. पुस्तकाचे प्रकरण वाचायचे, रंगीत पेनांनी खुणा करायच्या, मग तेच सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचे. यात हात दमतो आणि अभ्यास झाल्यासारखे वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींची छाननी केली होती. खुणा करणे आणि पुन्हापुन्हा वाचणे यांचा उपयोग त्यांना कमी आढळला. स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये पसरून करणे, या दोन पद्धती सर्वांत वर होत्या. माझ्या वर्गातही मला तेच दिसत आले आहे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले वेगळ्या शाईने भरायचे. चार दिवसांनी पुन्हा, महिन्याने पुन्हा. पहिल्यांदा कागद निम्मा रिकामा राहतो आणि मुले खट्टू होतात. तो रिकामा भाग कळणे हाच त्या दिवसाचा अभ्यास असतो.

पण आठवणे पुरेसे नाही. नोट्सची रचनाही बदलायला हवी. तिच्या वह्या बहुधा पुस्तकाच्या क्रमाने, म्हणजे सनावळीने असतील. सनावळीने ठेवलेली माहिती सनावळीनेच बाहेर येते. म्हणून मी मुलांना एका घटनेचा एक कागद करायला सांगते आणि त्यावर ती घटना निरनिराळ्या प्रश्नांत कशी वापरता येईल ते लिहायला लावते. मार्च १९३१चा गांधी-आयर्विन करार घ्या. व्हाइसरॉय काँग्रेसच्या नेत्याशी समोरासमोर बसून वाटाघाटी करतो, हा काँग्रेसच्या वाढलेल्या ताकदीचा पुरावा. आदल्याच महिन्यात चर्चिल यांनी यावर केलेला संताप त्याला दुजोरा देतो. पण हाती काय लागले ते पाहिले तर चित्र फिरते. अहिंसक कैद्यांची सुटका, किनाऱ्यावरच्या लोकांना मीठ करण्याची मुभा, अशा मोजक्याच सवलती. पोलिसांच्या अत्याचारांची चौकशी मिळाली नाही, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाली. म्हणजे हाच करार काँग्रेसच्या मर्यादेचाही पुरावा. आणि गांधीजींना लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला आणणे, ही ब्रिटिशांची आंदोलन थंड करण्याची चाल होती असे म्हणायचे असेल, तर हाच करार तिसऱ्यांदा उपयोगी पडतो. असे वीस-पंचवीस कागद चांगले तयार असले, तर कोणताही प्रश्न आला तरी तिची तारांबळ उडणार नाही. जाड वहीपेक्षा हे कागद मला जास्त मोलाचे वाटतात.

इतिहासकारांची नावे पेरण्याचा मोह बहुतेक मुलांना होतो. नाव म्हणजे पुरावा नव्हे. ट्यूडर काळ शिकणारी मुले ‘एल्टन यांच्या मते’ असे लिहून पुढे जातात. थॉमस क्रॉमवेलने १५३०च्या दशकात राज्यकारभारात क्रांती घडवली, हे एल्टन यांचे म्हणणे. ते कशाच्या आधारावर, आणि त्या आधारात कच्चे काय, हे लिहिले नाही तर त्या नावाला गुण नाहीत. पेपरात इतिहासकारांचे उतारे दिलेले असतील तर आणखी जपून राहायचे: उताऱ्याचा सारांश लिहायचा नाही, त्यातले म्हणणे एका ओळीत पकडायचे आणि आपल्या माहितीवर घासून पाहायचे.

साहित्य आणि राजकारण हे माझे रोजचे विषय नाहीत, पण स्टाफरूममध्ये शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर मी नेहमी बोलते, आणि रोग एकच असतो. साहित्यात माहिती सांगण्याची जागा कथानक सांगणे घेते. शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ अनेक शाळांत नेमलेले असते, त्याचेच बघा. ‘ऑथेल्लोला संशय येतो आणि तो संतापतो’ हे कथानक झाले. सुरुवातीला व्हेनिसच्या सभेपुढे संथ, डौलदार पद्यात बोलणारा माणूस चौथ्या अंकात मूर्च्छा येण्यापूर्वी तुटक गद्यात, सुटे शब्द फेकत बोलू लागतो, आणि त्याचे कोसळणे आपल्याला आधी भाषेत ऐकू येते. हे झाले विश्लेषण. तिथून पुढे असे विचारता येते की व्हेनिसमध्ये परका असलेल्या या माणसाची प्रतिष्ठा भाषेवरच उभी होती का? काळाचा संदर्भ असा मुद्द्यातून उगवावा. पहिल्या परिच्छेदात जेकोबियन, म्हणजे राजा पहिला जेम्स याच्या काळातल्या, इंग्लंडची माहिती देऊन नंतर तिचे नाव न घेणे, हे साहित्याच्या निबंधांत नेहमी दिसते आणि त्याने काही साधत नाही.

राजकारणात ताजे आकडे लागतात, पण आकडेही स्वतःहून काही बोलत नाहीत. २०२४च्या सार्वत्रिक निवडणुकीत लेबर पक्षाने सुमारे ३४ टक्के मतांवर ६५०पैकी ४११ जागा जिंकल्या. रिफॉर्म यूकेला १४ टक्क्यांहून थोडी जास्त मते आणि ५ जागा मिळाल्या. निवडणूक पद्धत बदलावी का, या प्रश्नात जवळजवळ प्रत्येक मुलगा हे लिहितो. विचार करणारा तिसरा आकडाही आणतो: लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, सुमारे १२ टक्के मते मिळाली, तरी जागा ७२. मग ‘ही पद्धत लहान पक्षांवर अन्याय करते’ हे विधान जसेच्या तसे टिकत नाही; विखुरलेल्या मतांना ती शिक्षा करते, एका भागात एकवटलेल्या मतांना नाही. एका आकड्याने विधान दुरुस्त झाले. तिच्या शिक्षकांना ‘सो व्हॉट?’ लिहून हेच हवे असते.

तिच्या इंग्रजीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. गुण घसरले की मुले भाषा जड करतात, शब्दकोशातून मोठे शब्द शोधून आणतात. त्याने युक्तिवाद झाकला जातो. साधी वाक्ये, नेमकी क्रियापदे पुरतात. ‘कारणीभूत झाले’, ‘वेग दिला’, ‘उघड केले’, ‘लांबवले’ यांतले कोणते क्रियापद योग्य, यावर विचार केला तर निबंध आपोआप विश्लेषणाकडे वळतो.

हाताने लिहिण्याचा सराव मात्र आत्तापासून हवा. २०१५ मध्ये लागू झालेल्या रचनेनुसार इंग्लंडमध्ये ए-लेव्हलची लेखी परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी, इयर १३च्या मे-जूनमध्ये होते. गृहपाठ लॅपटॉपवर करणारी मुले दोन-अडीच तास सलग लिहिताना थकतात आणि शेवटचे उत्तर अर्धे सोडतात. आठवड्यातून एकदा, घड्याळ लावून, एकच उत्तर कागदावर लिहावे. तेवढे पुरते.

इतिहास आणि साहित्य या दोन्हींत २० टक्के गुण शाळेत करायच्या लेखनाला, म्हणजे एनईएला आहेत. राजकारणात ते नाही. यात दोन गोष्टींबद्दल मी कडक आहे. विषय निवडताना मोठा नको, वाद असलेला हवा. आणि ते लेखन तिचेच असले पाहिजे. ‘हे माझेच काम आहे’ असे लिहून त्याखाली तिला सही करायची असते. एआयकडून परिच्छेद लिहून घेणे आणि ते न सांगणे, हे परीक्षा मंडळांच्या नियमांत गैरप्रकार धरले जाते. परिणाम गुण कापण्यापासून निकाल रद्द होण्यापर्यंत जाऊ शकतो. आई-वडिलांनी वाक्ये ‘सुधारून’ देणेही त्याच वाटेवर आहे. त्यामागचे प्रेम मला समजते, तरी ते करू नका.

परत आलेला निबंध फाइलमध्ये लावून पुढच्या निबंधाकडे वळणे, ही तिची बहुधा आजवरची सवय असेल. त्याऐवजी, शेऱ्यांतला एक शेरा घेऊन एकच परिच्छेद पुन्हा लिहायचा आणि शिक्षकांना दाखवायचा. पूर्ण नवा निबंध तपासायला शिक्षकांना वेळ मिळत नाही. एक परिच्छेद कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्याही वाचून देतात. मंडळाच्या संकेतस्थळावर जुने पेपर, गुणदानाचे निकष आणि परीक्षकांचे अहवाल मोफत असतात. मंडळ कोणते, एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर की एडुकास, हे आधी नीट विचारून घ्या. प्रश्नांची ठेवण मंडळागणिक बदलते, आणि मैत्रिणीच्या दुसऱ्या मंडळाच्या नोट्सनी गोंधळ वाढतो. परीक्षकांचे अहवाल तर मुले क्वचितच वाचतात. त्यांत गेल्या वर्षीच्या मुलांचे काय चुकले ते स्पष्ट लिहिलेले असते.

विषय पहिल्या सत्राच्या गुणांवरून बदलू नका. इयर १२च्या सुरुवातीला गुण खाली येणे नेहमीचे आहे, आणि जी मुलगी रात्री जागून इतिहास वाचते तिला तो आवडत असणार. तिला तो आवडतच नसेल, दुसऱ्याच विषयाकडे तिचा ओढा असेल, तर गोष्ट वेगळी. मग मात्र लगेच शाळेशी बोला, कारण बहुतेक शाळा सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर बदल करू देत नाहीत.

तुम्हा दोघांना इतिहास येत नाही, याची खंत करू नका. तुम्हाला जे करता येईल ते शिक्षकांनाही भरल्या वर्गात करता येत नाही. निबंध लिहायच्या आदल्या दिवशी, जेवताना, तिला मराठीतच विचारा: तुझे म्हणणे एका वाक्यात सांग. मग: कशावरून? मग: याच्या उलट कोण म्हणेल, आणि त्याला तू काय सांगशील? तुम्ही इंजिनिअर आहात, पुराव्याशिवाय विधान मान्य न करण्याची सवय तुम्हाला आहेच. ती अडखळली तर उत्तर सुचवू नका, थांबा. घरात बोलून झालेला युक्तिवाद दुसऱ्या दिवशी इंग्रजीत लिहिणे तिला फारसे जड जाणार नाही.

राहिली शिकवणी. आधी शाळेतल्या शिक्षकांची पंधरा मिनिटांची वेळ घ्या, तिचे दोन निबंध पुढे ठेवा आणि विचारा की वरच्या श्रेणीला नेमके काय कमी पडते. नाताळापर्यंत वर सांगितलेले करून पाहा. त्यानंतरही शिकवणी लावायची असेल तर पहिल्या तासाला लक्ष ठेवा. शिक्षक तिला बोलायला आणि लिहायला लावत असतील, तिच्या वाक्यावर प्रश्न विचारत असतील, तर पैसे सार्थकी लागतील. तयार नोट्स आणि आदर्श निबंधांचा गठ्ठा हातात देत असतील तर दुसऱ्या तासाला जाऊ नका. तसा गठ्ठा तिने स्वतःच केलेला आहे.